पार्वतीबायची हळद

आमची काकी माणसं लग्नावरून ओळखायची. तळवलीत कुणी वाटेत भेटलं की तब्येतपाणी बाजूला, आधी "तुझी हळद मीच गायली," हे ऐकवायची. ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीला धवले गाऊन देवांना बोलावणं आणि नवरीचं नाव गाण्यात गुंफणं हे तिचं काम. भटजींना उशीर झाला तर चालायचं, काकीला नाही.

तिच्या माहेरच्या गावातल्या एका लग्नाला मी तिला गाडीतून घेऊन निघाले. पेणच्या पुढचं ते छोटंसं बाजाराचं गाव. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काकीबरोबर तिथे हुंदडलो होतो. पण अलीकडे काकी विसरू लागली होती. सकाळीच नवरीच्या बापाचा, संतोषदादाचा फोन आला. काकीला तो मावशी म्हणायचा. "ताई, मावशीला जमंल ना? नाव चुकलं तर अपशकुन व्हायचा. चुकलंच तर लगेच गाणं लाव म्हणून मी डीजेवाल्याला सांगून ठेवलंय."

तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो, तशी काकीने काच खाली केली आणि सराव सुरू केला. एसीचं तिला वावडं. आवाज बसतो म्हणायची. देवांची नावं धडाधड आली. नवरीपाशी येऊन ती थांबली.

"नाव काय गो पोरीचं?"

"श्रेया."

"हां, श्रेयाबाय."

पनवेलला पुन्हा तेच. पेणला पुन्हा. मी म्हटलं, "काकी, कागदावर लिहून देऊ?"

"लिवलेलं वाचून हळद लागत नाय," ती फणकारली. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते.

गाव आलं. तळं बुजवून तिथे दुकानांचे गाळे झाले होते, मला एकही वळण ओळखू येईना. काकी मात्र "तळ्याच्या कडंनं घे," म्हणत मला थेट मांडवाशी घेऊन गेली.

संतोषदादा माझ्या शेजारीच उभा राहिला, एक डोळा डीजेवाल्यावर ठेवून. काकीने सूर लावला. गणपती आला, गावदेवी आली, एकही देव चुकला नाही. मी श्वास सोडते न सोडते तोच तिने गायलं, "पार्वतीबायला हळद लागते..."

पार्वती म्हणजे पारूआजी, संतोषदादाची आई, काकीची बालमैत्रीण. काकीने आयुष्यातला पहिला धवला तिच्याच हळदीला गायला होता. "बघ, बोललो होतो ना!" संतोषदादा दातओठ खात म्हणाला आणि डीजेवाल्याला खूण करायला त्याने हात उचलला. काकीच्या गावीही नव्हतं. ती तीच ओळ घोळवत होती.

नवरा गेल्यापासून पारूआजी हळदीच्या पाटाजवळ फिरकत नसे. मागे भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच ती ओरडली, "ओ गो, आले!" आणि खरंच उठून पुढे आली. श्रेयाने पाटावर सरकून आजीला शेजारी बसवलं आणि तिच्या गालांना हळद फासली. बायकांनी पार्वतीबायचं नाव उचलून धरलं. संतोषदादाने हात खाली घेतला. मग पारूआजीने हळदीचं बोट नातीला लावलं. "आता हिचं घे, श्रेयाचं." काकीने घेतलं.

परतताना काकीने विचारलं, "चुकले ना गो मी?"

मला खोटं बोलवेना. "हो."

ती म्हणाली, "पारूला हळद लागली, ते बरं झालं. पन आता मी गानार नाय."

आणि गायली नाही. बोलावणी यायची, ती हात जोडायची. मला फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी काकी गेली. पारूआजी तळवलीला आली, उंबऱ्यातच बसली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आता मना पार्वतीबाय कोन म्हनंल गो?"