न धुतलेली जीप

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्याने आमच्या कचेरीला एक जीप दिली. वाटणीत धाकट्या भावाच्या पदरी म्हातारा बैल यावा, तशी ती आली. मी कंधारचा, रोजंदारीवरचा ड्रायव्हर. पहिल्याच फेरीत कचेरीचे साहेब एका हाताने समोरची दांडी आणि दुसऱ्या हाताने चष्मा धरून बसले. उतरल्यावर म्हणाले, "हा डबा मोडीत काढा."

नव्या गाडीबरोबर कायम नोकरीतला ड्रायव्हर येणार आणि मी घरी जाणार, हे उघड होतं. माझं डोकं फिरलं. "साहेब, दसऱ्यापर्यंत थांबा," मी म्हणालो. "त्यानंतर गाडी खडखडली तर मीच कंधारची बस धरतो."

त्या साली पाऊस नव्हता. गाड्या धुवायला बंदी होती. दुष्काळी कामावर फोडलेली खडी रस्त्यावर अंथरलेली होती, पण ती दाबून बसवायलाही पाणी लागतं, त्यामुळे ती सुटीच पडलेली. तिच्यावरून एक फेरी मारली की सगळे नट ढिले व्हायचे. मी रोज जीपखाली झोपून हातोडीने एकेका बोल्टला टिचकी मारायचो. घट्ट असेल तो टण् वाजायचा, सैल असेल तो बद्द. मग पाना लावायचा, पण बेताने. ताकदीचा माज केला की आटे जातात आणि तो बोल्ट कायमचा कामातून जातो. घट्ट झाला की नट आणि पत्रा यांच्यावरून निळ्या रंगाची एक रेघ ओढायची. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला.

खंडेनवमीला बाकीचे ड्रायव्हर धुळीच्या बॉनेटवर हार घालून हिरमुसले होते. आम्ही बौद्ध, आमच्यात ती पूजा नाही. मी नेहमीसारखा जीपखाली होतो.

"लई लाड करून राहिला की म्हातारीचे," एकजण म्हणाला.

"हाव. तुझ्यापरीस कमी बडबडती," मी खालूनच सांगितलं.

दसरा झाला आणि साहेबांना निलंग्याकडच्या एका गावी टँकरची पाहणी करायची होती. बसल्याबसल्या त्यांनी दांडी धरली. औसा मागे पडलं, खडी सुरू झाली. माझे कान बोल्टांवर होते. दरवाजा गप्प, बॉनेट गप्प, सायलेन्सर गप्प. मला तर गाणं म्हणावंसं वाटत होतं.

तेवढ्यात खर्र असा आवाज आला. गाडी हळू करून मी कान दिला. आवाज पुन्हा आला, बाजूच्या सीटवरून. टँकरच्या भांडणांत रात्र रात्र जागलेले साहेब तोंड उघडं टाकून झोपले होते. दांडी केव्हाच सुटली होती.

गावाच्या वेशीवर त्यांना जाग आली. त्यांनी घाईने दांडी पकडली. "खडी लागली का?"

"मागंच संपली, साहेब."

त्यांनी चष्मा पुसला आणि ते पाहणीला गेले. संध्याकाळी कचेरीत उतरताना दारावर हात ठेवून म्हणाले, "उद्या उदगीर. हीच काढ."

कायमच्या नोकरीचा कागद पुढे कधीतरी आला, पण एवढा अभिमान मला त्या कागदाचाही वाटला नाही. मी चहासुद्धा न घेता पाना उचलला आणि जीपखाली शिरलो.