धड्याचे दगड

शनिवार पेठेत आमचं चक्का-श्रीखंडाचं दुकान. दसरा आला की लोक सकाळी घरचा रिकामा डबा आणून देत आणि संध्याकाळी भरलेला नेत. भरण्याआधी त्या डब्याचा धडा करायचा, म्हणजे तराजूच्या एका पारड्यात रिकामा डबा आणि दुसऱ्यात त्याच्याच वजनाचा दगड. मग चक्क्यात डब्याचं वजन धरलं जात नाही.

बाबांनी यात आपली भर घातली होती. नेहमीच्या प्रत्येक घराच्या डब्यासाठी त्यांच्याकडे एक ठरलेला दगड असे. नदीकाठून वेचून आणलेला आणि घासून घासून बरोबर वजनाचा केलेला. हे सगळे दगड एका लाकडी पेटीत असत. गिऱ्हाईक आलं की ते माणसाकडे न बघता डब्याकडे बघत आणि नेमका दगड उचलत. कुणी नवा डबा आणला की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

"जुन्याला काय झालं?"

"पोचा आलाय हो."

"पोच्यामुळे चक्का आंबतो की काय?"

एकदा समोरच्या बिल्डिंगमधल्या सूनबाईंनी जुना डबा मोडीत घालून तस्साच दिसणारा नवा आणला. पत्रा पातळ. बाबांनी सवयीने जुनाच जड दगड टाकला आणि चक्का जास्त गेला. घरी शंका आली म्हणून त्या बिचाऱ्या परत करायला आल्या. बाबा म्हणाले, "राहू द्या. नव्या डब्याला आमचा आहेर समजा." नवा दगड मात्र त्याच दिवशी घासायला घेतला. दुकानातला तो आंबटगोड वास आणि दगडावर दगड घासल्याचा आवाज मला अजून आठवतो आणि आठवला की घरी जावंसं वाटतं.

पुढे दुकान भावाकडे आलं. त्याने धायरीत दुसरं दुकान काढलं आणि दोन्हीकडे प्लास्टिकचे डबे आणले. त्याचंही चुकत नव्हतं. लोक ऑफिसातून परस्पर येतात, डबा घेऊन कोण फिरणार? बाबांनी दगडांची पेटी घरी आणून पलंगाखाली सरकवली आणि दुकानात जाणं बंद केलं. मंडईत भाजीला जात, पण दुकानाची गल्ली टाळून, लांबच्या रस्त्याने. ज्या माणसाने सगळं आयुष्य त्या गल्ल्यावर काढलं, त्याने तिथून तोंड फिरवावं, हे मला बघवत नसे.

माझी नोकरी मोठमोठ्या कंपन्यांना शाश्वत विकास समजावून सांगण्याची. स्लाइडवर रंगीत चौकोन, गोल फिरणारे बाण, सगळं साग्रसंगीत. एका मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, व्यवसायाने जगासाठी नक्की करायचं काय, एक साधं उदाहरण द्या. मी बाबांचे दगड सांगितले. सगळे खूश झाले. मग एकीने विचारलं, "ते दुकान अजून असं चालतं?"

"नाही," मी म्हटलं.

तिथून उठून मी थेट दुकानात गेले आणि भावाशी भांडले. "तुला भाषण करायला काय जातंय? गर्दी मी सांभाळतो," तो म्हणाला. आमचा अबोला झाला. मग दसऱ्याच्या तोंडावर दुकानाबाहेर त्याच्या हस्ताक्षरात पाटी लागली: 'घरचा डबा आणणाऱ्यांची रांग वेगळी. न आणणाऱ्यांनी समोरच्या मोठ्या रांगेत निवांत उभे राहावे.' पोरगा बापावर गेलाय, एवढं माझ्या लक्षात आलं.

मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी रजा काढून दुकानात उभी होते. पोचे आलेले जुने डबे आले. आयटीतली पोरं आली, "दादा, टिफिन चालेल ना?" विचारत. इलेक्ट्रॉनिक काट्यावर बटण दाबलं की धडा होत होता. रांग काही फार मोठी नव्हती. माझं लक्ष रस्त्याकडे. दुपार झाली तरी बाबांचा पत्ता नव्हता आणि मी मनातून आशा सोडली.

मग ते दिसले. डबेवाल्यांच्या रांगेत, शेवटी, आमच्या घरचा डबा हातात धरून.

"बाबा, आत या ना."

"रांग आहे," ते म्हणाले.

त्यांचा नंबर आला. भावाने डबा काट्यावर ठेवला आणि बटणाकडे बोट नेलं. बाबांनी खिशातून एक दगड काढून फळीवर ठेवला. भावाने बोट मागे घेतलं. मग स्टुलावर चढला, माळ्यावरून जुना तराजू काढला आणि शर्टानेच पुसला. एका पारड्यात डबा, दुसऱ्यात दगड. पारडी थोडी हलली आणि समोरासमोर थांबली.

बाबा फळी उचलून आत आले. भावाला म्हणाले, "सरक जरा." आणि बाहेर बघून, "हं, पुढचा डबा कुणाचा?"