तीन पदरांचं लुगडं

"डोळ्यानं नाही भाऊ, हातानं पाहा. डोळे फसवतेत."

विणलेलं लुगडं माझ्या टेबलावर ठेवताना त्या म्हाताऱ्या विणकराचं हे ठरलेलं वाक्य. आधी ते लुगडं कपाळाला लावायचे, मग माझा हात धरून किनारीवरून फिरवायचे. करवती किनारीचे दात बोटांना एकेक करून लागत. मी तेव्हा भंडाऱ्यात विणकरांच्या एका संस्थेत कारकून होतो. सूत द्यायचं, कापड पाहून घ्यायचं, रजिस्टर लिहायचं, एवढंच माझं काम. पण आपण साहेब आहोत असं वाटायला कारकुनाला फार काही लागत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

सगळे त्यांना बाबाजी म्हणायचे. साठी उलटलेली, गळ्यात तुळशीची माळ. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या पुऱ्यात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, संध्याकाळी मोहाची दारू पिऊन न झुलणारे पुरुष थोडेच होते. बाबाजी त्या थोड्यांत. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी पिऊन बसला तर हे आपली पत्रावळ उचलून दुसरीकडे जाऊन बसत.

पुढे बाबाजी विसरायला लागले. संस्थेत येऊन मलाच विचारायचे, "कायले आलो होतो भाऊ मी?"

मी म्हणायचो, "मले भेटाले."

"मंग भेटलो," म्हणून निघून जायचे. थोड्या वेळानं मावशी, म्हणजे त्यांची बायको, येऊन सूत घेऊन जायची. आमची दिवसभराची करमणूक व्हायची.

पुऱ्यातले लोक म्हणाले, बाधा आहे, भलत्या वेळी नदीवर गेले असतील. पुजाऱ्याला बोलावून लिंबू उतरवून झालं. मावशीचं म्हणणं वेगळं होतं. "देवानं त्यायले पुन्हा लहान केलं भाऊ. लहान लेकरावर कोनी राग करते का?" ती त्यांना हातानं भरवायची आणि त्यात तिला काही लाजिरवाणं वाटत नसे. मी मॅट्रिक झालेला. दोन्ही मतं मला अडाणीपणाची वाटायची.

एक दिवस बाबाजींनी नेहमीसारखं कपाळाला लावून लुगडं टेबलावर ठेवलं. मी उलगडलं. पदर, मग दोन हात अंग, मग पुन्हा पदर, आणि पुढे आणखी एक. पदर विणून झाला हेच विसरून ते परत पदर विणायला घेत होते. तिन्ही पदर मात्र असे, की एकातही बोट ठेवायला जागा नव्हती.

दफ्तरात दोन संचालक आणि पाच-सहा विणकर बसले होते. मी लुगडं उंच धरलं. "बाबाजी, तीन खांद्याची बाई कुठं भेटली तुमाले? का काल मोहाची जास्त झाली?"

काय हशा पिकला! बाबाजीही हसले. सगळे हसताहेत म्हणून हसले.

संध्याकाळपर्यंत ते सगळ्या पुऱ्यात पसरलं. महिन्याच्या सभेत बाबाजींचं सूत बंद करायचं ठरलं. कारण काय लिहायचं, मी विचारलं. एक संचालक म्हणाले, "लिहा ना, दारू. तुमीच त म्हनलं होतं." हा माणूस दारूला शिवत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहिलं. विनोद माझा होता, आणि तो सगळ्यांना आवडला होता.

चार-पाच दिवसांनी बाबाजी आले. त्या दिवशी त्यांना कशासाठी आलो ते पक्कं आठवत होतं.

"भाऊ, मले खरं सांगा. मी पेलो होतो का? मले त काहीच याद नाही."

तेच संचालक समोर चहा पीत होते. 'नाही' म्हणायला मला एक क्षण पुरला असता. मी रजिस्टरात मान घालून म्हणालो, "तुमचं तुमालेच माहीत, बाबाजी."

त्यांनी रजिस्टराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमी लिवनारे मानसं. खोटं कायले लिवान? पेलोच असन मंग." आणि त्यांनी गळ्यातली माळ काढली. "पेनाऱ्याच्या गळ्यात हे शोभत नाही."

ती माळ वैनगंगेत सोडायला ते एकटेच गेले आणि परतीची वाट विसरले. संध्याकाळी नदीपलीकडच्या कारधा गावात कुणाच्या तरी ओसरीवर बसलेले सापडले. त्यानंतर ते संस्थेत आले नाहीत. दीड-दोन वर्षांनी गेले. मी मातीला गेलो नाही. काम आहे म्हणून सांगितलं.

पुढे माझी आईच जेवून उठल्यावर पुन्हा जेवायला मागू लागली. मी तिला नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, यात विसर पडत जातो. घरी आल्यावर मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बजावून सांगितलं, आईला आजार आहे, कोणी हसायचं नाही. माझ्या आईला आजार, आणि बाबाजींना मोहाची!

दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेलो. माग केव्हाच निघाला होता, विणताना पाय सोडून बसायच्या खड्ड्यात तिनं लाकडं भरली होती. मी म्हणालो, "मावशी, बाबाजी पेत नव्हते. तो आजार होता. मी खोटं लिवलं."

तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मले काय सांगता भाऊ? मले त ठाऊकच होतं. त्यायले सांगाले पायजे होतं." मग ती लाकडं नीट करता करता म्हणाली, "पोराले भुलले, मागाले भुलले. मले बी भुलले. पन रोज सकाळी आंगनात उभे राहून हात जोडत. म्हनत, 'बाई, आज मी पेलो नाही. घरात येऊ का?'"