पाटणकरबाईंच्या अळ्या

पाटणकरबाई पहिल्या दिवशी दुसरीच्या वर्गात शिरल्या आणि फळ्याकडे न जाता माझ्या बादलीशी वाकल्या. बादलीतलं पाणी चक्क हुंगलं.

"मावशी, फिनेल किती टाकता हो?"

"झाकणभर."

त्यांनी पर्समधून छोटी वही काढून ते लिहून घेतलं. मुलुंडच्या त्या शाळेत साफसफाईला लागून मला चारच महिने झाले होते, तेही ठेकेदाराकडून. मी सातवीत शाळा सोडलेली. लेक कणकवलीकडे आईजवळ आणि मी भांडुपला नणंदेच्या खोलीत. काम गेलं तर गावी परत, आणि गावी काय होतं? मला वाटलं, या बाईंना माझ्यावर नजर ठेवायलाच आणलंय.

खरं तर त्यांना मुलांना मुंग्यांची रांग दाखवायची होती आणि फिनेलमुळे मुंग्या येत नव्हत्या. पण ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

बाई उंच, सडपातळ, केस आखूड. कुणी काही बोललं की त्यांचा एकच प्रश्न, "कशावरून?" एकदा एक पोरगा म्हणाला, "बाई, मला ताप आलाय." बाई म्हणाल्या, "कशावरून?" त्याने पाच जणांच्या कपाळाला हात लावून बघितलं आणि बिचारा म्हणाला, "बाई, मला नाही, निहारला आलाय." निहारला खरंच ताप होता. स्टाफरूममध्ये त्यांना 'सीआयडी' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. "बरंय ना," म्हणायच्या, "संशय घेतल्याशिवाय शिकतं कोण?"

व्हरांड्यात कढीपत्त्याची कुंडी होती. एके सकाळी पानांवर पक्ष्याची घाण दिसली म्हणून मी फडकं घेतलं. बाईंनी माझं मनगट धरलं. "मावशी, घाण कशावरून?" मी नीट बघितलं तर घाण चालायला लागली! फुलपाखराची अळी होती ती. मुलांनी बारा अळ्या बुटांच्या खोक्यात ठेवल्या, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. रोज दोऱ्याने त्यांची लांबी मोजायची, वहीत चित्र काढायचं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगो बाये, शाळेत किडे पाळतत? आणि तुका त्येंची राखण?"

एका शुक्रवारी बाई ट्रेनिंगला गेल्या होत्या. अळ्यांनी कुंडी फस्त केली होती, शेंड्याला कोवळी पालवी तेवढी उरली होती. मुलं माझ्या साडीला लोंबकळायला लागली. "मावशी, त्यांना भूक लागलीय ना!" दुपारच्या सुट्टीत मी भाजीवाल्याकडून कढीपत्त्याची जुडी आणली आणि खोक्यात ठेवली. कुणाला काही बोलले नाही.

सोमवारी खोकं उघडलं तर बाराच्या बारा मेलेल्या. काळ्या, लुळ्या. पोरं हमसून रडली. सुपरवायझर मॅडम आल्या त्या सरळ माझ्याकडेच. "काय गं, फिनेल शिंपडलंस ना? की मच्छरचं औषध?"

"नाही मॅडम, शपथ."

"शपथा नको घालूस. ठेकेदाराला सांगते, उद्यापासून दुसरी पाठव म्हणून."

जुडीचं सांगावं तर मीच सापडणार, आणि न सांगावं तरी मीच. माझ्याच हाताला फिनेल लागलं असेल का, असा मला माझाही संशय यायला लागला.

पाटणकरबाई म्हणाल्या, "मॅडम, संशय घ्या. पण शाळा सुटेपर्यंत थांबा. आम्हाला तपासू द्या." त्यांनी मुलांना गोल बसवलं. फळ्यावर दोन रकाने आखले, 'तेच राहिलं' आणि 'बदललं'. मी दारात झाडू धरून उभी, मॅडम माझ्या मागे.

"मावशीनेच मारलं!" एकजण ओरडला. "ती फिनेल टाकते."

"कधी टाकते?"

"रोज."

"रोज? मग गुरुवारी का नाही मेल्या?"

फिनेल 'तेच राहिलं' मध्ये गेलं. मग एक बारकी मुलगी उठली. "बाई, पानं बदलली. आपली छोटी होती, ही मोठी मोठी आहेत."

"हो? कुठून आली?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनी माझ्याकडे मान वळवली नाही. फळ्याकडेच बघत थांबल्या. गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "मी आणली, बाई. बाजारातून."

"बघा! म्हटलं नव्हतं?" मॅडम म्हणाल्या.

"थांबा हो. मावशी, पानं कशी होती?"

"चांगली होती, बाई. एका पानाला भोक नव्हतं, म्हणून तर घेतली."

"परत सांगा."

"एकही पान कुरतडलेलं नव्हतं..." आणि बोलता बोलता माझंच मला उमगलं. "फवारणी असेल, बाई! आमच्याकडे आंब्यावर मारतात तशी. कीड लागू नये म्हणून."

बाई हसल्या नाहीत. "हा झाला नवा संशय. तपासायचा कसा?"

तीच बारकी मुलगी व्हरांड्यात पळाली आणि तिथूनच किंचाळली. कुंडीच्या पालवीवर दोन इवल्या अळ्या होत्या, जिवंत. व्हरांडा तोच, फिनेल तेच, फक्त पानं घरची. फळ्यावर बाईंनी लिहिलं, 'बहुतेक औषध मारलेल्या पानांमुळे.' 'बहुतेक'खाली दोन रेघा मारल्या.

"म्हणजे चूक हिचीच," मॅडम म्हणाल्या.

"चूक माझी. पानं संपणार हे मला दिसायला हवं होतं. आणि यांनी सांगितलं नसतं तर आम्ही अजून फिनेलच हुंगत बसलो असतो."

ठेकेदाराला फोन गेला नाही. मी अजून त्याच शाळेत आहे.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, चेंबूरला बहिणीकडे राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांचं कपाट रिकामं करताना मी धीर करून विचारलं, "बाई, जुडी मी आणली हे तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"संशय होता."

"मग सरळ विचारलं का नाही मला?"

"विचारलं असतं तर तुम्ही 'नाही' म्हणाला असतात."

राग यायला हवा होता, आला नाही. मी खरंच 'नाही' म्हणाले असते. आणि एकदा 'नाही' म्हटल्यावर, मला माहीत आहे, मी शेवटपर्यंत 'नाही'च म्हणत राहिले असते.