वरचं तीर्थ, खालचं तीर्थ

त्या कागदावर म्या आधी चार ओळी लिहिल्या व्हत्या, हे पयलं सांगून टाकते. चार! मागनं त्याची एक झाली. ती कुणी केली आन् कशी केली ते सांगायलाच बसलेय, पण सुरवातीपासनं सांगते, न्हाईतर माझंच डोकं गरगरतंय.

मी तवा सोळाची व्हते. सातवी पास. आमच्या वरव्यात कुणाला पत्र लिहायचं असलं की पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडंच यायचे, कारण माझा हात लई जलद. बोलणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत माझं लिहून झालेलं असायचं. त्याचा मला तोरा व्हता, खोटं कशाला बोलू.

आन् वैनी माहेरी निघून गेली व्हती. आंबवड्याला. चैतापासनं गेली ती दिवाळी झाली तरी आली न्हाई. दादा प्यायचा. सरकारनं दारूबंदी केली, पण आमच्याकडं त्यानं एवढंच झालं का आधी दुकानात मिळायची ती ओढ्याच्या काठाला मिळाया लागली. पिऊन आला की दादा वैनीला दाराभाईर उभी करायचा. मारायचा न्हाई, शिवी न्हाई, काय न्हाई. नुस्ती भाईर उभी करायचा आन् आतनं कडी लावून झोपायचा. मी उठून कडी काढाया गेले की आय माझा हात धरायची.

वैनीचं न् माझं लई गूळपीठ. ती मला वन्सं म्हणायची, पण एका ताटात जेवायचो आमी. ती गेली तवा घर नुस्तं खायाला उठलं. चारदा निरोप धाडला, तिचं एकच उत्तर: "त्येंनी मठात जाऊन बेलभंडारा उचलावा. उचलला तर मी मुकाट्यानं येते, परत माघारी जायचं नाव काढणार न्हाई."

बेलभंडारा म्हंजे हातात बेलाचं पान न् हळदीचा भंडारा घेऊन देवाम्होरं शब्द द्यायचा. आमच्याकडं कोर्टातला कागद खोटा पडंल, पण बेलभंडारा उचललेला माणूस खोटा पडत न्हाई. गाव त्याच्या अंगाला हात लावत न्हाई.

तर एक दिवस दादाच मला म्हणाला, "आपले पोस्टमन काका हायत न्हवं, ते आता मान्सं घेऊन जात्यात वेल्ह्याकडं. मठ दावत्यात."

मी उडालेच! हे माझ्या डोक्यात कसं आलं न्हाई? पोस्टमन काकांनी सारी उमर त्या डोंगरात टपाल वाटलं. पेन्शनीत निघाल्यावर त्येंना घरात बसवंना, म्हणून आयतवारी पुण्याचे पाव्हणे घेऊन त्येच वाटंनं हिंडायचे. नसरापूरच्या फाट्यावर उभं ऱ्हाऊन वरडायचे, "एका दिसात दोन तीर्थं! वरचं तीर्थ न् खालचं तीर्थ! भाकरी आपापली बांधून आणायची!"

म्या त्येंना फाट्यावर गाठून इचारलं, "काका, वरचं म्हंजे मठ. खालचं कंचं?"

"खाली वैद्यबुवांची आसवशाळा हाय. मनुकांचं अवशीद करत्यात. बघण्यासारखं हाय, पोरी."

ह्यावर पुण्याचा एक पाव्हणा फिसकन हसला. मला वाटलं माझ्या बोलण्याला हसला. शहरातली मान्सं हसत्यातच आपल्याला.

मी एकटी एस्टीनं भोरात, तितनं चालत आंबवड्याला गेले. वैनीचे आबा गोठ्यात व्हते. म्या सांगितलं, दादा तयार हाय, बेलभंडारा उचलणार हाय. त्येंनी शेणाचे हात तसेच धरून माझ्याकडं बघितलं. "तुझा दादा बोलंल त्येच्यावर माझा भरवसा न्हाई. तू बोलतीयास का?"

"व्हय आबा. माझ्या शब्दावर धाडा."

धाडली त्येंनी.

आयतवारी सकाळी फाट्यावर आमी तिघं, पुण्याचे पाच जण आन् काका. दादानं धुतलेला सदरा घातलेला. वैनी त्याच्यापासनं दोन हात लांब उभी, पर पदर नीट, केस चोपून बसवलेले. कपाळाला कुंकू जरा मोठंच. मला लई बरं वाटलं. म्या कागद काढला. रातीच लिहून ठेवला व्हता, कारण दादा देवाम्होरं गडबडतो. म्या वाचायचं आन् त्यानं मागनं म्हणायचं, आसं ठरलेलं.

"वाचा की वन्सं," वैनी म्हणली. तिला वाचाया येत न्हाई.

म्या वाचलं: "मी दारू पिणार न्हाई. ताडी पिणार न्हाई, हातभट्टीची पिणार न्हाई. नशेचं काय बी, कुणी बी, कुठल्या बी नावानं दिलं तरी तोंडाला लावणार न्हाई. लावलं तर ह्यो भंडारा मला बघून घेईल."

वैनीनं मान हलवली. तिच्या डोळ्यात पाणी आलं व्हतं, ते तिनं पदरानं टिपलं न्हाई, तसंच ऱ्हाऊ दिलं.

मंग ती बाटलीत पाणी भरायला हापशाकडं गेली. तेवढ्यात दादा माझ्या कानाशी आला. "आगं ए शाणे, एवढं लांबडं कशाला? बाबांम्होरं माझी दातखीळ बसंल. चार मान्सांत हसू व्हईल. दारू म्हणलं की समदं आलं त्येच्यात."

"आरं पण..."

"दारू म्हणलं की समदं आलं! लेकरू का काय तू? ताडी काय, भट्टीची काय, दारूच न्हवं का ती?"

खरं वाटलं मला. त्याला देवाम्होरं आडखळू द्यायचं न्हवतं. म्या पेन्सिलीनं तीन ओळी खोडल्या. फटाफट. माझा हात जलद, सांगितलंच.

एस्टीनं वेल्ह्याच्या अलीकडं सोडलं आन् काका म्होरं झाले. चढाला बी त्येंचं तोंड चालूच: ह्या वाडीत धनगराच्या म्हातारीला लेकाचं पत्र वाचून दावायचो, हितं कुत्रं चावलं, हितं पाकीट ओढ्यात पडलं. वाटंत कारवीचं रान. पुण्याचे पाव्हणे दर वळणाला बसायचे. त्यातला एक जाडा म्हणाला, "अहो, खालचं तीर्थ आधी केलं असतं तर वरचं लवकर आलं असतं!" आन् पाची जण हसले. काका बी हसले. दादा बी! मी वैनीला म्हणलं, "लई इनोदी हायत न्हाई?" ती म्हणली, "कशात हाय इनोद त्यो?" तिला बी कळलं न्हाई, मला बी न्हाई.

मठ म्हंजे काय लई मोठा न्हवता. कातळात एक खोली, म्होरं ओसरी, पिंड, धुनी, आन् एक म्हातारे गोसावीबाबा. पण वारा! आन् खाली समदं वेल्हं पसरलेलं, भातकाढणी झालेली खाचरं तांबूस तांबूस. मला वाटलं हितंच ओरडावं जोरात. बाबांनी समद्यांच्या हातावर पळीनं पाणी घातलं. गार, तुळशीचं. "घ्या, तीर्थ घ्या."

मंग दादा पिंडीम्होरं बसला. बाबांनी त्याच्या वंजळीत बेल ठेवला, वर भंडारा टाकला. मी शेजारी बसले. कागदाची गरज बी न्हवती, एक तर ओळ.

"मी दारू पिणार न्हाई," म्या म्हणलं.

"मी दारू पिणार न्हाई," दादा म्हणला. खणखणीत! आडखळला न्हाई. तीनदा म्हणला.

वैनीनं माझ्याकडं बघितलं. तिला सकाळचं ध्यानात व्हतं. बाबांनी बी माझ्याकडं बघितलं आन् इचारलं, "एवढंच, पोरी?"

आन् मी, मी म्हणलं, "व्हय बाबा. दारू म्हणलं की समदं आलं."

माझ्या तोंडानं. कुणी जबरी केली न्हाई.

बाबांनी दादाच्या कपाळाला भंडारा लावला. वैनी उठली आन् दादाच्या हातची भाकरीची चवड आपल्या हातात घेतली. एवढंच केलं तिनं. पण नवराबायकोत त्येचा अर्थ मला कळतो की. उतरताना ती त्याच्या मागनं दोन हात न्हवे, एकाच हातावर चालत व्हती. मी मागनं बघत आले. आख्खा डोंगर उतरले तरी पायाला दगूड लागला न्हाई.

वैद्यबुवांची आसवशाळा पायथ्याला, आंब्याच्या बनात. लांब पडवी, जमिनीत गळ्यापत्तुर पुरलेले रांजण, भवतीनं भाताचं तूस. कोपऱ्यात मनुकांची पोती, गुळाच्या ढेपा, आन् तांबडी धायटीची फुलं वाळत घातलेली. वैद्यबुवा म्हणले, "ही फुलं टाकली की रांजण जागा होतो. कान लाव."

म्या लावला कान. आईशप्पत, आत कुणीतरी बोलत व्हतं! कुजबुज कुजबुज. मी वैनीला ओढून तिचा बी कान लावला. दोघी हसलो. चैतानंतर पयल्यांदा.

"महिनाभर हे बोलतं," वैद्यबुवा म्हणले, "मग गप्प होतं. गप्प झालं की औषध झालं. अशक्तपणा, भूक न लागणं. जेवल्यावर दोन चमचे." मला चमचाभर दिलं. गोड, तुरट, आन् मागनं छातीत ऊन पडल्यागत झालं.

पाव्हण्यांना चमचा न्हवता. त्येंच्या हातात पेले व्हते.

आन् वैद्यबुवा दादाकडं वळून म्हणले, "काय पाटील, मागच्या दोन रविवारी फिरकला नाहीत? तुमचा पेला तसाच ठेवलाय." फळीवरनं एक पितळी पेला काढला. काठाला चेपलेला. आमच्या घरातला! आय दोन महिने शोधत व्हती त्यो.

दादानं घेतला. एका दमात प्याला. परत म्होरं केला.

वैनी म्हणली, "काय पेताय?" आवाज एवढा बारीक का मलाच नीट ऐकू आला न्हाई.

"अवशीद."

"बेलभंडारा उचललाय तुमी. आत्ता उचललाय."

"मंग? दारू पितोय का मी? इचार वैद्यबुवांना. हे आसव हाय. सरकारनं बी ह्याला दारू म्हणलं न्हाई." तिसरा पेला. डोळे बारीक झाले व्हते त्याचे, वैनीला भाईर उभी करताना व्हायचे तसे. "आन् मला इचारू नगं. ह्या शाणीला इचार. तिनंच लिवलंय."

ते पाच जण खो खो हसले. जाडा म्हणला, "वा! खालच्या तीर्थाला शपथ लागत नाही!"

तवा मला कळलं. एकदम न्हाई. आधी तीर्थ कळलं, मंग सकाळचं हसणं कळलं, मंग तीन ओळी. मी काकांकडं गेले. "काका, तुमाला ठावं व्हतं?"

काका पायातला काटा काढत बसले. काटा न्हवताच. "पोरी, तुझ्या दादानंच मला सांगितलं व्हतं, मठ आधी घ्या न् वैद्य मागनं. मला काय म्हाईत तुमच्या घरातलं? मी आपला वाट दावणारा."

म्हंजे ती सहल दादानं मला सांगायच्या आधीच ठरवली व्हती, आन् मी आंबवड्याला नाचत गेले.

परतीच्या एस्टीत दादा झोपला. वैनी खिडकीला. म्या तिच्या हाताला हात लावला, तर तिनं काढून घेतला न्हाई, पण धरला बी न्हाई. भाईर बघतच म्हणली, "वन्सं, माझ्याच तोंडानं आडकले मी. उचलला तर मुकाट येते म्हणलं व्हतं. आता न्हाई आले तर गाव म्हणंल, नवरा देवाम्होरं शब्दाला जागला न् बायकूच नांदंना. आबा बी तेच म्हणतील. तो कागद बी तेच बोलंल."

नसरापूरच्या फाट्यावर दादा उतरला. भोरची एस्टी समोर उभी. दादा म्हणला, "चल घरी. आता कारण ऱ्हायलं न्हाई तुला."

वैनीनं खरंच पाऊल उचललं आमच्या वाटंला. एक पाऊल. तेच माझ्यानं बघवंना.

म्या पिशवीतनं कागद काढला, पालथा केला, एस्टीच्या पत्र्यावर धरला न् लिहाया लागले. आबांना. सकाळच्या चारी ओळी लिहिल्या, त्यातल्या तीन कुणी खोडाय लावल्या ते लिहिलं, आन् मीच खोडल्या हे बी लिहिलं. आमचा चेपलेला पेला लिहिला, तीन पेले लिहिले, "खालचं तीर्थ" म्हंजे काय ते लिहिलं. कंडाक्टर वरडतोय, "बाई, गाडी हाय का टेबल?" दादा वरडतोय, "काय खरडतीयास? तू भन माझी का तिची?" म्या वर बघितलं न्हाई. खाली माझी सही केली.

वैनीच्या हातात कोंबला. "आबांना म्हणावं, कुणाकडनं बी वाचून घ्या. माझ्या शब्दावर धाडली व्हती, माझ्याच शब्दावर ठेवून घ्या."

तिनं कागद घडी केला, चोळीत घातला. एस्टीच्या पायरीवर चढली न् वळली. मला वाटलं आता जवळ घेईल.

"सकाळी खोडताना मला इचारायचं व्हतं, वन्सं," ती म्हणली. "मी हापशावरच व्हते."

आबांनी ठेवून घेतलं तिला. तिचा निरोप मला त्यानंतर आला न्हाई, आन् दादा माझ्याशी बोलंना झाला. गावात मात्र त्येला आता मान हाय. आयतवारी डोंगराकडनं येतो, कपाळाला भंडारा लावून, आन् पारावर समद्यांना सांगतो, त्या दिसापासनं दारूला शिवलो न्हाई. लोक मान हलवत्यात. खरंच हाय ते. म्याच लिहिलंय.