जावयाचे किडे

मत्स्यसंशोधन केंद्रात तिला सगळे गोगलगायबाई म्हणत. समुद्रातल्या बिनशंखाच्या, रंगीबेरंगी गोगलगायी ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डायव्हिंग करणारे लोक पाण्याखालचे फोटो पाठवत, बाई नावं सांगे. सव्वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग जावईबापू डायव्हिंग शिकले.

जावई पेशाने दातांचे डॉक्टर. माणूस सोन्यासारखा, पण दर सोमवारी चाळीस फोटो पाठवायचे. त्यातले तीस नुसते हिरवे. उरलेल्यांत कुठे शेपूट, कुठे वाळूचा ढग, एकदा तर स्वतःचाच अंगठा. खाली प्रश्न ठरलेला : "आई, हा नवीन आहे का हो?"

दुसरा कुणी असता तर बाईने चार शब्द सुनावले असते. पण जावई पडला! "छान आलाय हो," असं लिहिताना तिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार व्हायचा.

एका सोमवारी एकच फोटो आला. काळपट, पिवळ्या काठाचा ठिपका, बरोबर डोक्यावरून काढलेला. सकाळपासून तीन फोन झाले.

"आई, नाव सापडलं?"

"अहो, गोगलगाय असेल नाहीतर चपटा कृमी. बाजूने बघितल्याशिवाय कसं सांगू? गोगलगायीला डोक्यावर खरी शिंगं असतात. कृमी कागदासारखा पातळ, त्याची शिंगं म्हणजे कडेला पडलेली घडी. आणि आकार केवढा?"

"असेल बोटाएवढा. तुम्ही अंदाजे सांगा ना. डायव्हिंग क्लबात मी नवीन प्रजाती म्हणून सांगून बसलोय."

बाईचा बांध फुटला. "डॉक्टर, तुमच्या पेशंटने बाहेरून गालाचा फोटो पाठवला आणि कोणता दात किडलाय ते अंदाजे सांगा म्हणाला, तर उपटाल का एखादा?"

पलीकडून फोन बंद.

संध्याकाळी मुलीचा फोन. "काय बोललीस गं त्यांना? जेवलेसुद्धा नाहीत धड."

"खरं तेच बोलले," बाई म्हणाली खरी, पण पुढचे दोन सोमवार कोरे गेले तेव्हा तिला करमेना. भीक नको पण कुत्रं आवर म्हणावं, तर आता कुत्रंही नाही.

तिसऱ्या सोमवारी जावई स्वतःच केंद्रात हजर. टेबलावर त्यांनी अकरा फोटो मांडले : त्याच खडकावरचा तोच प्राणी, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. शेजारी हिरड्यांची खोली मोजायची सळई, मिलिमीटरच्या खुणांसकट. फोटो असे स्वच्छ की बाईला भिंगसुद्धा लागलं नाही.

"चपटा कृमी," ती म्हणाली. "चव्वेचाळीस मिलिमीटर. या भागात पैशाला पासरी."

"म्हणजे नवीन नाही?"

"नाही."

जावयाचा चेहरा उतरला. ते उठले, दारापाशी गेले आणि बाहेरच्या कपाटासमोर थबकले. काचेमागे एक मोठा फोटो होता, खाली बाईच्याच अक्षरात 'समुद्री गोगलगाय'.

"आई, गोगलगायीच्या पाठीवर कल्ले असतात असं वाचलं, हिचे कुठे आहेत?"

"सगळ्यांच्या पाठीवर नसतात," बाई तडकली. "काहींचे पोटाकडे असतात."

"बरं. पण शिंगं? ही तर घडीच दिसते."

बाईने चष्मा पुसला. जवळ गेली, मग आणखी जवळ. घडीच होती. कृमी गोगलगायीची नक्कल करतात हे ती दरवर्षी विद्यार्थ्यांना घसा कोरडा करून शिकवत होती, आणि अकरा वर्षं या दारातून रोज चार वेळा ये-जा करत होती. तिला जावयाचा राग आला, मग स्वतःचा आला, मग दोघांचा मिळून आला.

"स्क्रू-ड्रायव्हर आणा," ती म्हणाली. "पहिल्या खणात आहे. आणि हे क्लबात सांगू नका."

"नाही सांगत," जावई म्हणाले. आवाजातला आनंद मात्र त्यांना लपवता आला नाही.