टिपणीस सर आणि कॅमेरूनचं झाड

एकाच झाडामागे वर्षानुवर्षं धावलं की रिपोर्ट फाइलमध्ये जातात आणि किस्से जेवणाच्या टेबलावर येतात. साउथहॅम्प्टनच्या आमच्या लॅबचे रिपोर्ट आता कोणी वाचत नसेल, किस्से मात्र अजून जोरात आहेत! घरी पाहुणे आले की आमचे मिस्टर आधीच बजावतात, "हिला झाडाचं विचारू नका, जेवूनच जावं लागेल."

तर ते झाड. कॅमेरूनच्या डोंगरांवरच्या जंगलातलं, चेरीच्या खानदानातलं. त्याच्या सालीचा काढा तिथले लोक तापाला, पोटदुखीला पिढ्यान्‌पिढ्या घेतात. उतारवयात पुरुषांना प्रोस्टेटमुळे सारखं बाथरूमला पळावं लागतं ना, त्यावरही ही साल चालते म्हणून ऐंशीच्या दशकात युरोपात तिच्या गोळ्यांना भाव आला. झालं! व्यापाऱ्यांनी झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सोलायला सुरुवात केली. असं सोललेलं झाड उभ्याउभ्या मरतं.

आमचे टिपणीस सर म्हणायचे, "समोरासमोरच्या दोन बाजूंची साल काढा, मधली ठेवा. झाड जगेल आणि साल परत येईल." हे सिद्ध झालं तरच पुढची ग्रँट मिळणार होती आणि त्या डोंगरावर रोपवाटिका होणार होती. नाही तर आमचं काचघर बंद आणि तिकडचं जंगलही. मी लॅबमधली टेक्निशियन, म्हणजे सगळं जवळून पाहिलेली.

* * *

पहिली रोपं आली तेव्हा सरांनी काचघरात मोठाले हीटर लावले. "आफ्रिकेची लेकरं आहेत हो, मिसेस कर्णिक. थंडी बाधेल!" सर स्वतः जूनमध्येही दोन स्वेटर घालणारे. रोपांनी मात्र माना टाकल्या.

तेवढ्यात आमच्याकडे पीएच.डी.ला इमॅन्युएल आला, त्याच डोंगरावरचा. काचघरात शिरला आणि कोट काढून म्हणाला, "सर, आमच्या गावात ढग दारातून आत येतात. सकाळी आम्ही शेकोटीपाशी बसतो. तुम्ही ही रोपं शिजवताय!"

खिडक्या उघडल्या. साउथहॅम्प्टनची गार, ओली हवा आत आली आणि आठवड्याभरात रोपं तरारली. सर कुडकुडत बघत होते. इमॅन्युएल मला म्हणाला, "हीटर फेकू नका. सरांच्या टेबलाखाली ठेवा!"

* * *

या झाडाचं बी मोठं नाजूक. वाळलं की मेलं. इतर लॅबवाले शिस्तीत वाळवून पाकिटात ठेवायचे आणि मग रुजत नाही म्हणून रडायचे. आम्हीही तेच करत होतो.

त्या वर्षी सरांच्या आई, माई, पुण्याहून आल्या होत्या. इमॅन्युएलने गावाहून ताजी फळं आणली होती. माईंनी विचारलं, "मटकीला मोड आणता ना? मग याला का नाही?" बसल्या, फळांचा गर चोळून काढला, बिया ओल्या पंच्यात बांधल्या आणि रोज पाणी शिंपडत राहिल्या. मटकीसारखे एका रात्रीत नाही, पण काही आठवड्यांनी मोड आले!

इमॅन्युएल खूश. "आमच्या जंगलात हे काम पक्षी आणि माकडं करतात. फळ खातात, गर काढतात, बी लांब नेऊन टाकतात." सरांनी हे माईंना मराठीत सांगितलं.

माई म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी तुझ्याकडे माकडाच्या जागी होते तर!"

पुढे एका परिषदेत सरांना विचारलं गेलं, की तुमची रोपं इतकी जगतात कशी? सर छाती काढून म्हणाले, "पुणे मेथड!" समोरच्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

* * *

मराठी घरात कुठल्याही बरणीत काहीही असू शकतं. सरांनी सालीचे तुकडे घरी कॉफीच्या रिकाम्या बरणीत ठेवले होते, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. लंडनमध्ये ईलिंगला मराठी मंडळींचं स्नेहसंमेलन होतं आणि मसालेभात माईंकडे होता. दालचिनी समजून त्यांनी साल घातली, तीही सढळ हाताने.

पंगतीत इमॅन्युएलने पानातला तुकडा उचलला, हुंगला आणि म्हणाला, "सर, हा तर माझ्या डोंगरावरचा!" बातमी पसरली. बायकांनी हात आखडले. पन्नाशीपुढचे सगळे पुरुष मात्र उठले आणि पातेल्यापाशी रांगेत उभे राहिले!

दुसऱ्या दिवशी सरांनी काळजीने घरोघरी फोन केले. "पोट ठीक आहे ना?" पलीकडून एकच प्रश्न, "अहो टिपणीस, भात उरलाय का?"

* * *

रोपांपैकी एकाचं झाड झालं, कुंडीतलंच पण माझ्याहून उंच. सरांनी स्वतः त्याच्या दोन बाजूंची साल काढली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढे रोज सकाळी कोट न काढताच आधी झाडाकडे जायचे, आजाऱ्याच्या खाटेपाशी जावं तसे.

एके दिवशी सर पेढे घेऊनच लॅबमध्ये आले. आमची इंग्लिश सेक्रेटरी धावत आली, "नातू झाला?"

"छे हो! जखम भरतेय!"

सरांचे डोळे भरून आले होते. आमचेही. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की मी डाएट विसरून दोन पेढे खाल्ले.

* * *

आणि आता लंडनची ती मीटिंग. ग्रँट द्यायची की नाही हे त्या दिवशी ठरणार होतं. सर म्हणाले, "कागद कोण वाचतो? झाडच नेऊ." माझ्या मिस्टरांच्या लांबलचक इस्टेट गाडीत झाड आडवं घातलं, शेंडा मागून बाहेर. लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा सर आणि इमॅन्युएल यांनी ते जिन्याने वर नेलं.

समोर ग्रँटची कमिटी आणि तिने सल्ल्याला बोलावलेला सालीचा एक बडा व्यापारी होता. गोड बोलणारा. "झाड सुंदर आहे. पण धंदा असा चालत नाही. जंगलात झाडं मुबलक आहेत. रोपं लावून इतकी वर्षं वाट कोण बघणार?"

कमिटीतल्या दोघांनी माना डोलावल्या. इमॅन्युएलचा चेहरा उतरला. तो डोंगर त्याचा होता.

चेअरमन सत्तरीचे, करारी गृहस्थ. ते मात्र मीटिंगभर सारखे उठून बाहेर जात होते. इंग्रजांची रीतच आहे, अशा वेळी सगळे कागदात डोकं घालतात. कोणी काही पाहिलंच नाही! ते परत येऊन बसले आणि म्हणाले, "डॉक्टर टिपणीस, शेवटचं काही सांगायचंय?"

सर उठले. झाडाच्या भरलेल्या जखमेवर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, आज सकाळपासून तुम्ही इतक्यांदा बाहेर गेलात. एक दिवस तुमचा मुलगाही जाईल. त्याच्यासाठी साल कुठून आणणार?"

मी तर डोळेच मिटून घेतले.

चेअरमननी चष्मा काढला, झाडाकडे पाहिलं आणि पेन उघडलं.

"मला तीन मुलगे आहेत," ते म्हणाले. "सही कुठे करू?"